धुरा राखा, फवारा वाचवा!

वारंगा फाट्याच्या शिवारातल्या किडी, त्यांचे वैरी आणि त्या दोघांच्या मधली जमीन : सतरा झटपट गोष्टी

नांदेडहून आलेला महामार्ग वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक रस्ता कळमनुरी, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला जातो, दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूरकडे वळतो. दोन्ही अंगांना काळी जमीन. सोयाबीन, कापूस, तूर, हळद, ऊस, हिवाळ्यात हरभरा. गाडीच्या खिडकीतून सगळं एकसारखं हिरवं दिसतं. पण दोन मिलिमीटरच्या किड्याला याच शिवारात घर एकीकडे असतं, खाणं दुसरीकडे आणि मधे ओलांडता न येणारं रान. कोणत्या पिकाशेजारी काय उभं आहे, धुरा किती रुंद आहे, ओढा कुठून जातो, यावर कीड फोफावणार की आवरली जाणार हे बरंचसं ठरतं. हे कसं होतं, ते पाहा.

१. मित्रकीटक शेतात राहत नाहीत, कामाला येतात

सोयाबीन शेतात उभं असतं जेमतेम शंभर दिवस. उरलेले आठ-नऊ महिने ढालकिडा, क्रायसोपा, सिरफिड माशी आणि बारीक परोपजीवी माश्या कुठे काढतात? धुऱ्यावरच्या गवतात, ओढ्याकाठच्या झुडपांत, झाडाच्या सालीखाली, गायरानात, कालव्याच्या काठावर. नांदेड-नागपूर गाडीतला प्रवासी वारंगा फाट्यावर उतरतो, खिचडी खातो, पाणी पितो आणि मग पुढची मजल मारतो. या किड्यांचंही तसंच आहे. वाटेत थांबे असतील तरच ते तुमच्या पिकापर्यंत पोचतात.

२. वैरी अर्ध्या मिलिमीटरचा

ट्रायकोग्रामा ही परोपजीवी माशी लांबीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरते. पतंगाच्या अंड्यात ती आपलं अंडं घालते. त्या अंड्यातून अळी बाहेरच पडत नाही. आठ-दहा दिवसांनी बाहेर येते ती नवी ट्रायकोग्रामा. शेतात लावायच्या एका ट्रायकोकार्डावर साधारण २० हजार अंडी चिकटवलेली असतात. ती असतात तांदळावरच्या पतंगाची, कारण हा पतंग प्रयोगशाळेत भरडलेल्या धान्यावर सहज वाढतो.

मात्र या माशीची धाव आखूड आहे. कार्डाचे तुकडे आठ-दहा मीटरवर लावायला सांगतात ते त्यासाठीच. उलट हिरव्या बोंडअळीचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत कित्येक किलोमीटर पार करतो. किडीला सगळा तालुका मोकळा, वैऱ्याला मात्र चार ओळींपुरतं शेत. पुढच्या बहुतेक गोष्टी या एका फरकातून निघतात.

३. अंडं एकच, नशीब वेगळं

फाट्यावरून नांदेड, देगलूरकडे गेलेला महामार्ग तेलंगणात संगारेड्डीला पोचतो. तिथून पाटनचेरू जवळच. तिथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिच्या शास्त्रज्ञांनी घाटे अळीची, म्हणजे त्याच हिरव्या बोंडअळीची, अंडी वेगवेगळ्या पिकांवर तपासली. ज्वारीवरच्या अंड्यांना ट्रायकोग्रामाने मोठ्या प्रमाणावर गाठलं होतं. शेजारच्या तुरीवर आणि हरभऱ्यावर ती जवळपास फिरकलीच नव्हती.

का? तुरीच्या शेंगांवर चिकट लव असते, तिच्यात एवढीशी माशी अडकते. हरभऱ्याच्या पानांवरच्या केसांतून आम्ल पाझरतं. गावाकडच्या बायका पहाटे हरभऱ्यावर फडकं अंथरून जी आंब गोळा करत, ती हीच. माणसाच्या पोटदुखीवर घरगुती औषध म्हणून वापरली जाणारी ही आंब अर्ध्या मिलिमीटरच्या माशीला मात्र मानवत नाही. म्हणून ज्वारी वाळली की पतंग तुरीवर जातो आणि त्याचा वैरी मागेच राहतो.

४. मग हरभऱ्यात राखण कोण करतं?

कॅम्पोलेटिस नावाची दुसरी माशी. ती अंड्याच्या वाटेला जात नाही, थेट लहान अळीत अंडं घालते. अळी मोठी होऊन घाट्यात शिरण्याआधीच मरते. हरभऱ्याच्या पानावर करड्या रंगाचा, काळे ठिपके असलेला छोटा कोष दिसला आणि त्याला अळीची सुकलेली कातडी चिकटलेली असली, तर समजा, माशी कामावर आहे. त्या शेतात फवारणीची घाई करू नका.

दुसरे राखणदार पक्षी. हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळून पेरण्याची शिफारस याच कारणाने होते. ज्वारीची ताटं वर आली की कोतवाल आणि साळुंकी त्यांवर बसतात आणि खालच्या अळ्या टिपतात. वेगळे पक्षीथांबे रोवायला नकोत.

५. वीस टक्क्यांचा उंबरठा

१९९९ साली कार्स्टन थीस आणि टेया चार्न्टके या जर्मन शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकात एक निष्कर्ष मांडला. मोहरीच्या जातीच्या पिकावर पडणारा एक भुंगा आणि त्याच्या अळ्यांवर जगणाऱ्या परोपजीवी माश्या त्यांनी तपासल्या होत्या. ज्या परिसरात बिनपिकाची जमीन, म्हणजे कुरण, झाडोरा, पडीक, वीस टक्क्यांपेक्षा कमी होती, तिथे माश्यांचं काम इतकं मंदावलं की कीड आवरण्याच्या पातळीखाली गेलं. शिवार जितकं मिश्र, तितकं भुंग्याचं नुकसानही कमी.

त्यांनी पुढे हेही दाखवलं की हा परिणाम शेताभोवतीच्या सुमारे दीड किलोमीटर व्यासाच्या परिसराशी जोडलेला असतो. हिशेब केला तर ते वर्तुळ भरतं सुमारे १७७ हेक्टरांचं, म्हणजे ४३० एकरांहून जास्त. तुमच्या शेतातला मित्रकीटक सगळ्या गावाच्या जमिनीवर पोसला जातो. त्याला सातबारा कळत नाही.

६. अर्धा किलोमीटर पुरेसा होतो

याच चार्न्टके यांनी आंद्रेआस क्र्यूस यांच्यासोबत १९९४ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लाल क्लोव्हर या चारापिकाचे छोटे तुकडे त्यांनी कुरणांपासून वेगवेगळ्या अंतरांवर लावले. दूरच्या तुकड्यांतही क्लोव्हर खाणारे कीटक पोचले, पण त्यांचे परोपजीवी मागे पडले. पाचशे मीटर लांबच्या तुकड्यांत परोपजीवींचा मारा जवळच्या तुकड्यांच्या तुलनेत १९ ते ६० टक्केच उरला. कीड आधी पोचते, वैरी उशिरा पोचतो आणि कधी पोचतच नाही. अंतर वाढलं की फायदा किडीचा.

७. लहान शेत ही मोठी ताकद

एक एकराचं चौकोनी शेत घ्या. एक बाजू सुमारे ६४ मीटर, चारी बाजू मिळून २५४ मीटर. चारी बाजूंना मीटरभर रुंद धुरा राखला आणि त्यातला अर्धा तुमचा, अर्धा शेजाऱ्याचा धरला, तर तुमच्या वाट्याची जमीन भरते तीन टक्के. दहा एकरांच्या सलग शेतात हाच धुरा जेमतेम एक टक्का होतो. शेत लहान, तितकी कड जास्त. आणि कड म्हणजेच मित्रकीटकांचा मुक्काम.

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ४३५ परिसरांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शेतांचा सरासरी आकार ५ हेक्टरांवरून २.८ हेक्टरांवर आणला, तर जीवविविधतेला होणारा फायदा नैसर्गिक झाडोरा अर्ध्या टक्क्यावरून अकरा टक्क्यांवर नेण्याइतका असतो, असं त्यात दिसलं. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारण क्षेत्र आहे १.३४ हेक्टर. जे तिकडे मिळवण्यासाठी धडपड चालते, ते आपल्या हातात आधीच आहे. फक्त धुरे नांगराखाली जाता कामा नयेत.

८. इंग्लंडने धुरा मुद्दाम बांधला

इंग्लंडमध्ये शेतं मोठी करताना जुनी कुंपणं उखडली गेली आणि मावा वाढला. १९९१ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी एक उपाय प्रसिद्ध केला : मोठ्या शेताच्या मधोमध सुमारे ४० सेंटिमीटर उंचीचा मातीचा बांध घालायचा आणि त्यावर झुबकेदार गवत लावायचं. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्या गवतात एका चौरस मीटरला हजाराहून जास्त भक्षक कीटक आणि कोळी मुक्कामाला होते. वसंतात ते तिथून पिकात पसरत. या बांधांना तिथे अनुदान मिळू लागलं. मराठवाड्यात असे बांध पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

९. २५२ संत्री आणि एक मोठा धडा

१९५८ साली कॅलिफोर्नियातल्या कार्ल हफेकर यांनी संत्र्यांवर एक छोटं जग उभं केलं. झाडाचा रस शोषणारा एक कोळी आणि त्याला खाणारा दुसरा कोळी, दोघांना संत्र्यांवर सोडलं. साध्या मांडणीत शिकाऱ्याने सगळी शिकार संपवली आणि नंतर स्वतःही उपाशी मेला. मग हफेकर यांनी मांडणी अवघड केली. २५२ संत्री, मधे व्हॅसलीनचे अडथळे, शिकार होणाऱ्या कोळ्याला उंचावरून धाग्याच्या आधाराने उडी घ्यायला लाकडी काड्या, वारा द्यायला पंखा. शिकार थोडी पुढे, शिकारी थोडा मागे, असा पाठलाग सुरू झाला आणि दोघांच्या संख्येचे तीन चढ-उतार पार पडले.

धडा असा की शेतातून कीड शंभर टक्के पुसून टाकली तर तिचा वैरीही जातो. थोडी कीड, थोडे आडोसे आणि थोडी गुंतागुंत असेल तरच राखण वर्षभर टिकते.

१०. कपाशीचं पान उलटं करून पाहा

कपाशीच्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेवर एक बारीक खळगी असते. तिच्यातून गोड रस पाझरतो. फुलाशी याचा काही संबंध नाही. एरंडाच्या देठावर आणि चवळीच्या शेंगांच्या देठापाशीही अशाच ग्रंथी असतात. मुंग्या, ढालकिडे, गांधीलमाश्या तो रस प्यायला येतात आणि आल्यासारख्या अळ्याही उचलतात. परोपजीवी माशीच्या अळीला मांस लागतं, पण पंख फुटलेल्या माशीला गोड खाणं लागतं. ते मिळालं तर तिचं आयुष्य कितीतरी वाढतं, अंडीही जास्त घातली जातात. कपाशीच्या कडेने चवळी, मका, झेंडू लावण्याच्या शिफारशीमागे हेच गणित आहे.

११. रुईवरचा पिवळा मावा आपला आहे

धुऱ्यावरच्या रुईच्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दाटलेला असतो. तो पाहून अनेकांचा हात पंपाकडे जातो. पण हा मावा रुई, कण्हेर आणि त्यांच्या भाऊबंदांवरच जगतो. सोयाबीन, कापूस, तूर यांच्या वाटेला तो जात नाही. उलट शेतात मावा नसतो त्या दिवसांत ढालकिडे आणि सिरफिड माशीच्या अळ्या याच्यावर गुजराण करतात आणि पिकावर मावा आला की तिकडे वळतात. रुई फवारणं म्हणजे राखणदाराच्या ताटातलं अन्न काढून घेणं.

करडईचंही असंच. ज्वारीच्या कडेने काटेरी करडईची तासं घालण्याची जुनी रीत जनावरं अडवायला होती, पण त्या करडईवरच्या माव्यावर हिवाळाभर ढालकिडे पोसले जात. करडई गेली तसा तो मुक्कामही गेला.

१२. झाड हाक मारतं

अळीने पान कुरतडलं की झाड विशिष्ट वास सोडू लागतं. १९९० साली अमेरिकेत मक्याच्या रोपांवर हे दाखवलं गेलं. त्यातली गंमत अशी की पान नुसतं कात्रीने कापलं तर हा वास तसा उठत नाही. अळीची लाळ जखमेला लागावी लागते. तो वास घेत कोटेशिया नावाची माशी अळीपर्यंत पोचते आणि तिच्या अंगात अंडी घालते. अंड्यांसोबत ती एक विषाणूही सोडते. त्याने अळीची प्रतिकारशक्ती लुळी पडते.

काही दिवसांनी अळीच्या अंगातून माशीच्या अळ्या बाहेर येतात आणि बारीक पांढरे कोष विणतात. अनेकांना ती किडीची अंडी वाटतात आणि ते चिरडतात. अळीजवळ तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोष दिसले तर हात लावू नका. तुमचीच बाजू वाढते आहे.

१३. धुऱ्यावरचं सगळंच मित्र नसतं

ही गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. तिथे पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि मग माद्या शेतात अंडी घालतात. म्हणून त्या दिवसांत रात्री झाडं हलवून भुंगेरे गोळा करणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. हे काम गावाने मिळून केलं तरच उपयोग, कारण भुंगेरे एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. झाड तोडायचं नाही, त्या आठवड्यांत झाडावर पाळत ठेवायची.

तसंच पऱ्हाटीचं. वेचणी संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवली, तर किडक्या बोंडांत लपलेली गुलाबी बोंडअळी थेट पुढच्या हंगामात उतरते. फरदड घेतली तर तिला मधला उपासही घडत नाही. गाजरगवत आणि पेटारी वाढू दिली तर पिठ्या ढेकणाची सोय होते.

जगभरातल्या १३२ अभ्यासांतल्या ६,७५९ ठिकाणांची माहिती एकत्र करणारा लेख २०१८ साली आला. त्यातही हेच निघालं : झाडोरा वाढला की कीड हमखास घटते असं सरसकट नाही, पीक आणि कीड पाहून फरक पडतो. म्हणून धुरा राखायचा तो ओळख करून घेऊन.

१४. बीटीच्या पिशवीतलं दुसरं पाकीट

बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली तेव्हा नियम होता : कडेने पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र साध्या कपाशीचं ठेवा. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटी पाकीट येई. हेतू सरळ होता. साध्या कपाशीवर वाढलेले पतंग बीटीला दाद न देणाऱ्या पतंगांशी जोडा जमवतील आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. बहुतेक ठिकाणी ते पाकीट पेरलंच गेलं नाही. शिवार एकाच प्रकारच्या कपाशीने भरलं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरली, तेव्हा त्यामागच्या कारणांत ही मोकळी राहिलेली कड होती, लांबवलेली फरदडही होती. शिवाराची मांडणी बिघडली की उत्तम तंत्रज्ञानही थकतं. नंतर नियम बदलला आणि साधं बियाणं पिशवीतच मिसळून येऊ लागलं.

१५. गाजरगवताचा वैरी मेक्सिकोचा

गाजरगवत भारतात पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५५ साली. इथे त्याला खाणारं कोणी नव्हतं, म्हणून ते माळ, रस्ते, धुरे सगळीकडे पसरलं. त्याचा वैरी, मेक्सिकन भुंगा, १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आला. पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा भुंगा आता महाराष्ट्रातही पावसाळ्यात दिसतो. उन्हाळ्यात तो जमिनीत झोपून असतो आणि पाऊस पडला की वर येऊन गाजरगवताची पानं फस्त करतो. रस्त्याकडेच्या गाजरगवतावर तो दिसला तर तेवढ्या पट्ट्यावर तणनाशक मारू नका.

१६. लोकरी मावा कोणी आवरला?

२००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. पानांखाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी, ऊसउत्पादक हवालदिल. दाट वाढलेल्या उसात फवारणी करणंच अवघड. अखेर बाजी मारली ती डिफा नावाच्या पतंगाच्या मांसाहारी अळीने आणि मायक्रोमस या कीटकाने. त्यांच्या जोडीला आसामातून आणलेली एन्कार्सिया ही परोपजीवी माशी आली. मित्रकीटक असलेली पानं कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेण्याचं काम साखर कारखाने, विद्यापीठं आणि शेतकरी यांनी मिळून केलं. जिथे फवारे थांबले तिथे मित्रकीटक लवकर स्थिरावले. उसाच्या पट्ट्यात हा अनुभव अजून ताजा आहे.

१७. सोयाबीनची चादर आणि हळदीचा आडोसा

२००८ च्या पावसाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांची प्रचंड लाट आली. त्यातून पुढच्याच वर्षी राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. त्याच २००८ साली अमेरिकेतही सोयाबीनवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. चार राज्यांत इथेनॉलसाठी मक्याचं क्षेत्र वाढलं, शिवार एकसुरी झालं आणि ढालकिड्यांसारख्या भक्षकांची सोयाबीनवरची राखण कमी झाली. त्या चार राज्यांतलं वर्षाचं नुकसान अंदाजे ५ कोटी ८० लाख डॉलर.

हिंगोली जिल्ह्याकडे यावर एक चांगलं उत्तर आहे. ऑक्टोबरात सोयाबीन निघून जातं, पण मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हिरवी आणि दमट राहते. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. ऊस तर वर्षभर. एक पीक उठलं की शेजारचं पीक आसरा देतं. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. तिची बाजारातली किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. सोयाबीनच्या कोळ्यांना आणि भक्षकांना सुगीनंतर सावली देणारं पीक म्हणूनही तिची दखल घ्यायला हवी. तुरीची तासं घालून पेरलेलं सोयाबीन नुसत्या सोयाबीनपेक्षा याच कारणाने भक्कम ठरतं.

येत्या मृगासाठी

* धुरा पेटवू नका. वाळलं गवत कापायचंच असेल तर एका वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी.
* तणनाशकाचा पंप धुऱ्यावर वळवू नका. गाजरगवत आणि पेटारी फुलण्याआधी हाताने उपटा. रुई, तरवड, बोर, कडुनिंब राहू द्या.
* सोयाबीनमध्ये तुरीची तासं, कपाशीच्या कडेला मका, चवळी, झेंडू. चार ठिकाणी एरंड टोचा. तंबाखूवरची पानं खाणारी अळी एरंडावर आधी अंडी घालते, तिथेच पुंजके वेचता येतात.
* पऱ्हाटी धुऱ्यावर रचू नका. डिसेंबरअखेर कपाशी आवरा.
* फवारण्याआधी पानं उलटी करून पाहा. अळ्या मोजा, कोष मोजा, ढालकिडे मोजा. नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच फवारा, आणि तेव्हाही धुरा सोडून.
* न ओळखता येणारा किडा काडेपेटीत घाला आणि तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. कळमनुरी तालुक्यातलं हे केंद्र फाट्यापासून जवळ आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही फार लांब नाही.

एक काम मात्र एकट्याने होणार नाही. दीड किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात शंभरेक शेतकऱ्यांची जमीन येते. त्यातल्या एकाने धुरा राखला आणि बाकीच्यांनी नांगरला, तर त्या एकाच्याही पदरात थोडंच पडेल. झाडं हलवून हुमणीचे भुंगेरे गोळा करायला जसं गाव एकत्र येऊ शकतं, तसंच धुरे, ओढे आणि गायरान राखायलाही येऊ शकतं. कोणता ओढाकाठ मोकळा सोडायचा, कोणत्या धुऱ्यांवर झाडं लावायची, गायरानाचा कोणता तुकडा वणव्यापासून वाचवायचा, हे ग्रामसभेत ठरवता येतं. त्यासाठी अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. पेरणीआधीची एक बैठक पुरते. यंदा ती बैठक घ्या.